विज्ञान केंद्रातील उमेदवारी

पारंपरिक वस्तुसंग्रहालयात जपलेली वस्तू आणि विज्ञान केंद्रात मांडलेली प्रदर्शवस्तू यांच्यात एक मूलभूत भेद आहे. वस्तुसंग्रहालयातील मूर्ती, नाणे किंवा ताम्रपट हा काळाने दिलेला ठेवा असतो आणि तो पुढच्या पिढीपर्यंत अबाधित पोहोचवणे हे तेथील कर्मचाऱ्यांचे पहिले कर्तव्य असते. विज्ञान केंद्रातील प्रदर्शवस्तू मात्र मुळातच घडवावी लागते, कारण गुरुत्वाकर्षण, घर्षण किंवा प्रकाशाचे अपवर्तन यांना काचेच्या कपाटात ठेवता येत नाही. त्यांचा अनुभव देणारे साधन कोणीतरी आखून, कापून, जोडून, रंगवून उभे करावे लागते आणि त्यानंतर ते हजारो हातांच्या स्वाधीन करावे लागते. हे काम करणारा गट ‘एक्झिबिट विभाग’ या नावाने ओळखला जातो. या विभागाच्या कार्यशाळेत ठरावीक मुदतीसाठी काम शिकायला येणारे विद्यार्थी आणि प्रशिक्षणार्थी जे करतात, त्यासाठी आज ‘इंटर्नशिप’ हा शब्द रूढ झाला असला, तरी त्याचा आशय ‘उमेदवारी’ या जुन्या मराठी शब्दात अधिक नेमकेपणाने सामावतो, कारण उमेदवारीत पाहणे, हाताखाली राबणे, चुकणे आणि सुधारणे हे सारे अभिप्रेत असते.

या कार्यपद्धतीमागे शतकाहून मोठी परंपरा आहे. ओस्कार फॉन मिलर या अभियंत्याने १९०३ मध्ये म्युनिक येथे स्थापन केलेल्या डॉइचेस म्युझियमने, बटण दाबून किंवा दांडा फिरवून प्रेक्षकाने स्वतः यंत्र चालवावे ही कल्पना मोठ्या प्रमाणावर रुजवली. १९६९ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ फ्रँक ओपेनहायमर यांनी सॅन फ्रान्सिस्को येथे ‘एक्स्प्लोरेटोरियम’ सुरू करताना त्यापुढचे पाऊल टाकले आणि प्रदर्शवस्तू घडवण्याची कार्यशाळाच प्रेक्षकांच्या नजरेसमोर ठेवली, त्यामुळे वितळजोडाच्या ठिणग्या आणि लेथचा आवाज हाही प्रदर्शनाचाच भाग झाला. आपल्या प्रदर्शवस्तू कशा बनवायच्या याच्या कृती त्या संस्थेने पाककृतींच्या धर्तीवर पुस्तकरूपाने प्रसिद्ध केल्या आणि जगभरातील विज्ञान केंद्रांनी त्यांचा आधार घेतला.

भारतात या परंपरेतील मुख्य साखळीचा आरंभ २ मे १९५९ रोजी कोलकात्यात खुल्या झालेल्या बिर्ला औद्योगिक व तंत्रवैज्ञानिक संग्रहालयापासून होतो. त्यानंतर १९६५ मध्ये बेंगळुरू येथे विश्वेश्वरय्या संग्रहालय सुरू झाले, त्याच वर्षी कोलकात्याच्या संग्रहालयाने बसमध्ये बसवलेले फिरते विज्ञान प्रदर्शन गावोगावी नेण्यास प्रारंभ केला आणि ४ एप्रिल १९७८ रोजी या संस्थांचा कारभार राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषदेकडे आला. मुंबईत वरळी येथे उभारलेले नेहरू विज्ञान केंद्र हा याच साखळीचा पश्चिम भारतातील मुख्य दुवा होय. १९७७ मध्ये प्रकाश आणि दृष्टी या विषयावरील प्रदर्शन, १९७९ च्या आंतरराष्ट्रीय बालक वर्षात खुले आकाश हेच छत असलेले विज्ञान उद्यान आणि ११ नोव्हेंबर १९८५ रोजी पूर्ण केंद्राचे उद्घाटन, असा त्याचा टप्प्याटप्प्याने विस्तार झाला. त्याच्या वास्तूचे शिल्पकार अच्युत कानविंदे हे कोकणातील आचऱ्याचे सुपुत्र होते. केंद्राची मूळ कल्पना विज्ञान-तंत्रज्ञानाच्या संग्रहालयाची होती, परंतु उभारणीच्या काळातच ती प्रेक्षकाच्या कृतीवर आधारलेल्या विज्ञान केंद्राकडे वळली. उद्यानातील वाफेचे इंजिन, ट्राम आणि स्वनातीत विमान या जुन्या कल्पनेशी नाते सांगणाऱ्या वस्तू आहेत, तर कप्पीच्या साहाय्याने स्वतःला वर खेचण्याची खुर्ची किंवा दूर अंतरावरून कुजबुज ऐकवणाऱ्या अंतर्गोल तबकड्या ही नव्या कल्पनेची अपत्ये आहेत.

परदेशांतील अनेक संग्रहालये प्रदर्शवस्तू बाहेरच्या कंपन्यांकडून बनवून घेतात. भारतीय परिषदेने मात्र प्रारंभापासून त्या मोठ्या प्रमाणावर स्वतःच्या कार्यशाळांत घडवण्याचा मार्ग स्वीकारला आणि त्यातून मिळालेल्या कौशल्याच्या बळावर पुढे राज्य सरकारांसाठी, तसेच मॉरिशससारख्या देशासाठीही विज्ञान केंद्रे उभी केली. या धोरणामुळेच येथील उमेदवारीला खरा अर्थ लाभतो, कारण कल्पना सुचवणारा विज्ञान अभ्यासक, आराखडा काढणारा अभियंता, लोखंडी सांगाडा जोडणारा फिटर, पेटी करणारा सुतार, विजेचे व इलेक्ट्रॉनिक मंडल जुळवणारा तंत्रज्ञ, प्रतिकृती घडवणारा शिल्पी आणि फलक सजवणारा चित्रकार हे सारे एकाच प्रदर्शवस्तूभोवती एकत्र येतात. आपल्या शिक्षणव्यवस्थेत एम.एस्सी. झालेला विद्यार्थी आणि आयटीआयमधून फिटरचे प्रमाणपत्र घेतलेला तरुण एका मेजाशी बसून एकाच प्रश्नावर डोके चालवत आहेत असे दृश्य फार थोड्या ठिकाणी दिसते. विज्ञान केंद्राची कार्यशाळा हे त्यांपैकी एक ठिकाण आहे.

प्रदर्शवस्तूची घडण साधारणपणे कल्पना, कच्चा नमुना, चाचणी, पक्की बांधणी, फलकलेखन आणि देखभाल अशा क्रमाने होते. कच्चा नमुना म्हणजे पुठ्ठा, प्लायवूडचे तुकडे, दोरी आणि चिकटपट्टी यांच्या साहाय्याने उभारलेली तात्पुरती जुळणी; ती देखणी असण्याची गरज नसते, पण मूळ परिणाम दिसतो की नाही हे तिच्यावरून कळले पाहिजे. उमेदवाराच्या हाती प्रथम बहुधा हेच काम येते आणि येथेच पाठ्यपुस्तकातील ज्ञान अपुरे असल्याचे त्याच्या ध्यानी येते. पाठ्यपुस्तकातील आकृतीत दोन अंतर्गोल तबकड्या एकमेकींसमोर अचूक उभ्या असतात आणि एकीच्या नाभीपाशी केलेली कुजबुज परावर्तित होऊन दुसरीच्या नाभीपाशी सहज ऐकू येते, परंतु प्रत्यक्षात तबकडी काही अंशांनी कलली किंवा तिचा पृष्ठभाग ओबडधोबड राहिला, तर परावर्तित ध्वनी नाभीपासून ढळतो. त्यातच आठ वर्षांच्या मुलाचे आणि प्रौढ माणसाचे कान वेगवेगळ्या उंचीवर असल्यामुळे नाभी नेमकी कोठे आणावी हा प्रश्न भौतिकशास्त्राइतकाच शरीराच्या मापांचा होऊन बसतो.

परदेशातील कृती जशीच्या तशी उतरवून का चालत नाही, हे फुको लंबकाच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. लेआँ फुको याने १८५१ मध्ये पॅरिसच्या पांथेओन या वास्तूत ६७ मीटर लांबीच्या तारेला गोळा टांगून पृथ्वीचे परिवलन लोकांना प्रत्यक्ष दाखवले. अशा लंबकाचे आंदोलनप्रतल, म्हणजे तो ज्या पातळीत झुलतो ती पातळी, सावकाश फिरत असल्याचे भासते आणि त्या फिरण्याचा वेग स्थळाच्या अक्षांशाच्या साइन गुणोत्तरावर ठरतो. ध्रुवावर एक फेरी एका दिवसात पूर्ण होते, पॅरिसमध्ये तिला सुमारे ३२ तास लागतात, तर १९ अंश उत्तर अक्षांशावरील मुंबईत तीच फेरी पूर्ण व्हायला सुमारे साडेत्र्याहत्तर तास लागतात. एक मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर खुंट्या मांडल्या, तर दहा मिनिटांत पॅरिसचा लंबक सुमारे ३३ मिलिमीटर सरकेल आणि मुंबईचा जेमतेम १४ मिलिमीटर. म्हणून पॅरिसच्या हिशेबाने मांडलेल्या खुंट्यांसमोर मुंबईचा प्रेक्षक कंटाळून निघून जाईल. येथे खुंट्या अधिक दाट लावाव्या लागतील. याशिवाय हवेच्या अवरोधामुळे लंबक थांबू नये यासाठी विद्युतचुंबकाचा हलका धक्का द्यावा लागतो आणि तार टांगण्याच्या जागी किंचितही विषमता राहिली, तर लंबक सरळ रेषेऐवजी लंबवर्तुळात फिरू लागून चुकीचे उत्तर देतो, हेही सांभाळावे लागते. एवढे गणित आणि एवढी कारागिरी एका टांगलेल्या गोळ्यामागे असते.

हाताने फिरवण्याच्या जनित्राची अडचण वेगळ्या प्रकारची आहे. दांडा फिरवला की दिवा लागतो, इतके दाखवणे सोपे असते. पण या प्रदर्शवस्तूचा खरा धडा, दिव्याला वीज देऊ लागताच दांडा जड होतो, या अनुभवात आहे, कारण विजेची ऊर्जा हाताच्या श्रमातूनच येते हे त्या जडपणामुळे शरीराला कळते. दंतचक्रांचे गुणोत्तर फार चढे ठेवले, तर लहान मुलाला दांडा हलवता येत नाही आणि फार उतरते ठेवले, तर मोठ्या माणसाला श्रम जाणवतच नाहीत. शिवाय सहलीला आलेला मुलांचा गट दांडा सर्व ताकदीनिशी आणि उलट्या दिशेनेही फिरवणार हे गृहीत धरून, मर्यादेपेक्षा अधिक जोर पडल्यास आपोआप घसरणारी जोडणी बसवावी लागते, नाहीतर दाते तुटतात. मुलांचे हे वागणे दांडगाई मानून त्यांना रोखणारा फलक लावणे सोपे असते, परंतु चांगला एक्झिबिट विभाग त्या वागण्याला आराखड्यातील एक राशी मानतो आणि लांबी-रुंदीइतक्याच गांभीर्याने तिचा विचार करतो.

पक्की बांधणी झाल्यावरही काम अपुरेच असते, कारण फलकाच्या मजकुरावाचून प्रदर्शवस्तू मुकी राहते. काय करावे, काय पाहावे आणि तसे का घडते, या तीन प्रश्नांची उत्तरे उभ्याने, गर्दीत, अर्ध्या मिनिटात वाचून होतील इतक्या थोड्या शब्दांत द्यावी लागतात. महाराष्ट्रातील केंद्रात हा मजकूर मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत लिहिण्याचा प्रश्न येतो आणि लिपी एक असली तरी मराठी मजकूर हिंदीवरून उतरवता येत नाही. हिंदीत ज्याला ‘अवतल दर्पण’ म्हणतात तो मराठी शाळेतील मुलाला ‘अंतर्गोल आरसा’ म्हणून ठाऊक असतो आणि ‘उत्तल’ हा शब्द त्याने ऐकलेलाही नसतो. मराठी माध्यमातून शिकलेल्या उमेदवाराची येथे विशेष गरज भासते, कारण कोणता शब्द सातवीच्या पुस्तकात आहे आणि कोणता केवळ परिभाषाकोशात आहे, हे त्याला अनुभवाने माहीत असते.

यानंतर प्रेक्षकाच्या निरीक्षणाचा टप्पा येतो. एडवर्ड रॉबिन्सन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९२८ मध्ये संग्रहालयातील प्रेक्षकांच्या वर्तनाचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि त्याचा सहकारी आर्थर मेल्टन याने तो पुढे नेला. तेव्हापासून एखादी वस्तू किती जणांना थांबवते आणि थांबलेल्यांना किती वेळ खिळवून ठेवते, या दोन मापांनी तिची परीक्षा घेतली जाते. उमेदवाराला वही आणि घड्याळ घेऊन कोपऱ्यात उभे केले जाते, प्रेक्षकाला मदत न करण्याची ताकीद दिली जाते आणि आपण कौतुकाने घडवलेल्या वस्तूपुढून लोक कसे निघून जातात, चुकीची कळ कशी दाबतात किंवा फलक न वाचताच कसा अचूक अर्थ लावतात, हे त्याला मुकाट्याने टिपावे लागते. वैज्ञानिक वृत्तीचे इतके थेट शिक्षण प्रयोगशाळेतही क्वचितच मिळते, कारण येथे जे चुकीचे ठरते ते स्वतःचेच गृहीतक असते.

शेवटचा आणि कधीही न संपणारा टप्पा देखभालीचा आहे. केंद्राचे दरवाजे उघडण्यापूर्वी तंत्रज्ञ दालनांतून फेरी मारतो, प्रत्येक वस्तू चालवून पाहतो आणि बिघाडाची नोंद करतो. बटणांतील स्प्रिंग थकतात, बेअरिंगमध्ये धूळ बसते, अ‍ॅक्रिलिकवर ओरखडे उठतात आणि मुंबईची खारी, दमट हवा उघड्यावरच्या लोखंडाला वर्षभर कुरतडत राहते. म्हणून उद्यानातील वस्तूंसाठी पोलाद, रंग आणि वंगण यांची निवड स्वतंत्रपणे करावी लागते. देखभालीच्या वहीतील नोंदी हे पुढच्या आराखड्याचे सर्वांत विश्वासार्ह साहित्य असते, कारण एकच भाग पुन्हापुन्हा तुटत असेल, तर दोष सहसा त्या भागात नसून मूळ रचनेत असतो. जो उमेदवार केवळ नवी वस्तू घडवून परत जातो त्याचे शिक्षण अर्धे राहते. जो तीच वस्तू तीन महिने दुरुस्त करतो, त्याला ती खऱ्या अर्थाने कळते.

यावरून या उमेदवारीचे मोल ठरवता येते. विज्ञान समजणे म्हणजे सूत्र आठवणे नव्हे, हे वाक्य शिक्षणविषयक चर्चेत वारंवार येते, परंतु एखाद्या अनोळखी मुलाच्या हातात, कोणी शिक्षक शेजारी नसताना, सूत्रामागचा नियम पुन्हा प्रत्ययास येईल असे साधन उभे करता येणे ही समजाची त्याहून कठीण आणि प्रामाणिक कसोटी आहे. आपल्या समाजात लेखणीचे काम आणि हत्याराचे काम यांची प्रतिष्ठा फार पूर्वीपासून वेगवेगळी राहिली आणि त्याचे नुकसान विज्ञानालाही सोसावे लागले. पुण्यात आयुका या संस्थेच्या आवारात अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंपासून खेळणी घडवून हे अंतर मुलांच्या पातळीवर कमी करण्याचे मोठे काम केले. विज्ञान केंद्राची कार्यशाळा तेच काम तरुणांच्या पातळीवर करू शकते.

मुंबईचे नेहरू विज्ञान केंद्र, १९९२ मध्ये सुरू झालेले नागपूरचे रामन विज्ञान केंद्र, पिंपरी-चिंचवडचे सायन्स पार्क आणि पणजीजवळ मिरामार येथील गोवा विज्ञान केंद्र अशा जागा मराठी भाषक विद्यार्थ्याच्या आवाक्यात आज आहेत. महाराष्ट्र आणि गोव्यातील विद्यापीठांनी, अभियांत्रिकी महाविद्यालयांनी आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी या केंद्रांतील उमेदवारीला अभ्यासक्रमात रीतसर गुण द्यावेत, विज्ञान शाखेच्या आणि तांत्रिक शाखेच्या विद्यार्थ्यांना तेथे जोडीने पाठवावे आणि प्रत्येक जोडीने एक तरी प्रदर्शवस्तू कल्पनेपासून दुरुस्तीपर्यंत सांभाळावी, अशी व्यवस्था करणे अवघड नाही. कार्यशाळा आहेत, शिकवणारे अनुभवी हात अजून कामावर आहेत. ते निवृत्त होण्यापूर्वी ही व्यवस्था व्हायला हवी.