मोटारीचे टायर : स्वस्त कोणते?

बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव तापवून चढवीत. पाणी ओतलें कीं ती आवळून बसे. तेथें उष्णता कामाची होती. मोटारीच्या रबरी टायराचा मात्र ती वैरी आहे. नागापूरहून मनमाड रस्त्यानें शिर्डीकडे वैशाखांत दुपारीं जाणाऱ्यांनीं तरी हें ध्यानांत ठेवावें.

युरोपांत उन्हाळी व हिवाळी असे टायर निराळे असतात; हिवाळी टायराचें रबर सात अंशांखालच्या थंडींतही मऊ राहतें. आपल्याकडे दुकानांत मिळणारा साधा टायर मुळांत उन्हाळीच. त्या नांवावर कोणी अधिक किंमत सांगितल्यास देऊं नये.

दर विचारण्यापूर्वीं टायराच्या कुशीवरील अक्षरें वाचावीं. '१६५/८० आर १४ ८५ टी' यांत ८५ हा भाराचा अंक. असा एक टायर ५१५ किलो पेलतो. गाडीच्या पुस्तकांतील अंकाहून कमी अंकाचा टायर फुकट मिळाला तरी नको, कारण आपल्या गाडींत माणसांइतक्याच पेंडीच्या गोण्याही बसतात! आयएसआय शिक्का पाहावा. तारखेचे चार अंक असतात. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. बियाण्याच्या पिशवीवरील तारीख पाहणाऱ्यानें हीही पाहावी. रबर दुकानांत पडूनही म्हातारें होतें.

आतां किमतीचा हिशेब. समजा, एक टायर ३,६०० रुपयांचा असून ३०,००० किलोमीटर चालतो. दुसरा ४,८०० चा, ४८,००० चालतो. पहिल्यास किलोमीटरमागें बारा पैसे पडतात, दुसऱ्यास दहा. म्हणजे महागच स्वस्त? रोज नगरास ये-जा करणाऱ्यास खरोखर तसें. परंतु ज्याची गाडी बाजार व लग्नकार्यें धरून वर्षास पांच हजारच धावते, त्याचा दुसरा टायर झिजावयास साडेनऊ वर्षें लागतील, आणि तोंवर रबर तडकूं लागेल. अशानें स्वस्त पण नवा, ताज्या तारखेचा टायरच घ्यावा. वापरलेला जुना टायर मात्र कोणींही घेऊं नये.

उन्हाळ्यांत हवा फुगते म्हणून ती मुद्दाम कमी भरण्याची चाल आहे. ती अगदीं उलटी. हवा कमी असली कीं टायराची कूस प्रत्येक फेऱ्यास अधिक दबते, दबण्यानें आंत उष्णता वाढते, थर सुटतात आणि टायर फुटतो. सकाळीं गाडी थंड असतां, गाडीच्या दारावर छापलेल्या अंकाइतकी हवा भरावी. वाटेंत दाब वाढला म्हणून सोडूं नये.

खांचांची खोली १.६ मिलिमीटरहून कमी झाली कीं टायर कायद्यानेंही बाद. २०२३ सालीं समृद्धी महामार्गावरून झिजलेल्या टायरांच्या गाड्या परत फिरविण्यांत आल्या होत्या.

पैशाअभावीं दोनच नवे घेतले तर ते मागच्या चाकांस बसवावे. ओल्या रस्त्यावर पुढची पकड सुटली तर वेग कमी करून गाडी सांवरतां येते. मागची सुटल्यास ती गरकन् फिरते.