ऑपरेशननंतरची गुंगी: उतरते की चढते?

मुलाची अंडगोळी खाली उतरलेली नसते, कुणाचं लघवीचं छिद्र टोकाऐवजी खालच्या बाजूला असतं, तर कुणाला मुतखडा होतो. अशा ऑपरेशनसाठी पूर्णेहून आपण नांदेड नाहीतर परभणी गाठतो. पुष्कळदा एक-दोन दिवसांत मूल घरी येतं. मग लक्ष ठेवायचं ते आपणच.

टाक्यांकडे आपण बघतोच. पण लघवीच्या ऑपरेशननंतर कधीमधी नसांना किंवा मेंदूलाही त्रास होतो. असं क्वचितच घडतं, पण वेळेत ओळखलं तर बहुतेक वेळा आवरता येतं.

आधी पायांचं बोलू. दुखू नये म्हणून भूलतज्ज्ञ बऱ्याच मुलांना माकडहाडाजवळ एक इंजेक्शन देतात. त्यामुळे चार-सहा तास पाय जड, बधिर वाटतात. तेवढा वेळ मुलाला एकटं चालू देऊ नका, पडेल. त्यानंतर ताकद परत यायलाच हवी. दुसऱ्या दिवशीही पाय उचलत नसेल, पाऊल लोंबत असेल किंवा लघवी अडली असेल, तर डॉक्टरांना लगेच सांगा. पाय वर बांधून केलेल्या लांब ऑपरेशनमध्ये गुडघ्याच्या बाहेरची नस दबू शकते. ती बहुधा हळूहळू सुधारते, पण दाखवायला हवं.

इथे आईचं एक काम ऑपरेशनच्या आधीचं आहे. लेकराला अंघोळ घालताना कमरेखाली मणक्यावर खोल खळगा, केसांचा झुपका किंवा गाठ दिसली असेल, तर भूलतज्ज्ञांना आवर्जून सांगा. आत मज्जारज्जूत दोष असू शकतो, आणि मग ते इंजेक्शन द्यायचं की नाही हे त्यांना ठरवावं लागतं.

आता मेंदूचं. ऑपरेशनच्या ताणामुळे शरीर पाणी धरून ठेवतं. त्यात कमी मिठाचं सलाईन किंवा नुसतं पाणी जास्त गेलं, तर रक्तातलं सोडियम उतरतं. ते साधारण 135 ते 145 असावं. फार उतरलं की मेंदूला सूज येते. डोकं दुखतं, उलट्या होतात, मूल बरळतं, झटकेही येतात. म्हणून पाणी किती पाजायचं ते डॉक्टरांनाच विचारा. अंथरूण ओलं होऊ नये म्हणून रात्रीची डेस्मोप्रेसिनची गोळी चालू असेल, तर तीही त्यांना सांगा. ती गोळी घेतल्यावर रात्रभर पाणी अगदी मोजकंच द्यायचं असतं.

मग साधी गुंगी आणि धोक्याची गुंगी ओळखायची कशी? भुलेची गुंगी तासातासाला उतरते. मूल हाक ओळखतं, आई म्हणतं, खायला मागतं. शुद्धीवर आलेलं मूल पुन्हा सुस्त होत गेलं, तर ‘थकलंय, झोपू दे’ म्हणू नका. उठवून नाव विचारा. नीट उत्तर देत नसेल तर दवाखाना गाठा.

झटका आला तर मुलाला कुशीवर वळवा. तोंडात चमचा, पाणी काही घालू नका. कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात वेळ दवडू नका. घड्याळ बघा आणि 108 ला फोन लावा. ऑपरेशनचा कागद सोबत घ्या.

घरी निघण्याआधी वॉर्डातच विचारून ठेवा: रात्री काही झालं तर फोन कुणाला करायचा? तो नंबर त्याच कागदावर लिहून घ्या.