ग्रॅमीचे मानकरी आणि बंगळुरू: पुरस्कार नेमका कशाला मिळतो?

बंगळुरू येथील संगीतकार रिकी केज यांना २०१५, २०२२ आणि २०२३ अशा तीन वर्षी ग्रॅमी पुरस्कार मिळाला. केंद्र शासनाने २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर केली. ग्रॅमीचे निकाल लागले की 'भारताला ग्रॅमी' असे मथळे दरवर्षी झळकतात. मात्र हा पुरस्कार देशाला मिळत नाही. तो एखाद्या कलावंताच्या आयुष्यभराच्या साधनेला किंवा एखाद्या संगीतपरंपरेलाही मिळत नाही. विशिष्ट कालावधीत प्रसिद्ध झालेल्या ध्वनिमुद्रणाला, ठरावीक विभागात, अमेरिकेतील संगीतव्यावसायिकांच्या मतदानाने तो दिला जातो. केज यांची वाटचाल पाहिली म्हणजे या व्यवस्थेची रीत आणि तिच्या मर्यादा दोन्ही ध्यानात येतात.

दंतवैद्यकाकडून संगीताकडे

रिकी केज यांचा जन्म १९८१ मध्ये अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्यात झाला. वयाच्या आठव्या वर्षी ते कुटुंबासमवेत बंगळुरूला आले. तेथेच त्यांनी दंतवैद्यकाची पदवी घेतली. परंतु दवाखाना न थाटता संगीताचा व्यवसाय पत्करला. प्रारंभीचा त्यांचा मुख्य आधार जाहिरातींच्या जिंगल्स हा होता. त्यांच्या नावावर तीन हजारांहून अधिक जिंगल्स सांगितल्या जातात. काही कन्नड चित्रपटांनाही त्यांनी संगीत दिले. त्यांपैकी २०१० चा 'क्रेझी कुटुंब' हा 'दे धक्का' या मराठी चित्रपटाचा कन्नड अवतार होता.

दक्षिण आफ्रिकेतील बासरीवादक वूटर केलरमन यांच्यासमवेत त्यांनी केलेला 'विंड्स ऑफ संसार' हा अल्बम २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. महात्मा गांधी आणि नेल्सन मंडेला यांच्या विचारांपासून त्याची प्रेरणा घेतलेली होती. ८ फेब्रुवारी २०१५ रोजी लॉस एंजेलिस येथील सोहळ्यात या अल्बमला 'न्यू एज' विभागाचा पुरस्कार मिळाला.

त्यानंतर केज यांनी आपले काम प्रामुख्याने पर्यावरण या विषयाला वाहिले. 'द पोलिस' या ख्यातनाम रॉक समूहाचे ड्रमवादक स्टुअर्ट कोपलंड यांच्यासह त्यांनी केलेला 'डिव्हाइन टाइड्स' हा अल्बम २०२१ मध्ये, कोरोनाच्या साथीच्या काळात प्रसिद्ध झाला. ३ एप्रिल २०२२ रोजी लास वेगास येथे त्याला पुन्हा 'न्यू एज' विभागाचा पुरस्कार मिळाला. पुढच्या वर्षी, ५ फेब्रुवारी २०२३ रोजी, त्याच अल्बमला 'इमर्सिव्ह ऑडिओ' या विभागात गौरवण्यात आले. या विभागात ध्वनीच्या मांडणीचे मूल्यमापन होते. नेहमीच्या स्टिरिओत आवाज डाव्या आणि उजव्या बाजूने येतो. येथे तो समोरून, मागून आणि डोक्यावरूनही ऐकू यावा अशी रचना असते. त्यामुळे या पुरस्कारात ध्वनिमिश्रण करणारे अभियंते आणि निर्माते यांचा वाटा मोठा असतो.

'न्यू एज' म्हणजे काय?

भारतीय श्रोत्यांना ही संज्ञा फारशी परिचयाची नाही. चित्तास शांतता देणारे, ध्यानधारणेस अनुकूल, बहुधा संथ लयीचे आणि अनेक संस्कृतींचे सूर एकत्र आणणारे संगीत या नावाखाली मोडते. ग्रॅमीमध्ये हा विभाग १९८७ पासून आहे. २०२३ च्या सोहळ्यापासून त्याच्या नावात 'अँबियंट' आणि 'चँट', म्हणजे मंत्र वा नामपठण, हे शब्दही जोडण्यात आले.

बासरी, सतार, तानपुरा, संस्कृत श्लोक या गोष्टी अशा संगीतात सहज सामावतात. म्हणूनच भारतीय वंशाच्या कलावंतांची उपस्थिती येथे ठळकपणे जाणवते. २०२५ मध्ये या विभागातील पाच नामांकनांपैकी चारांमध्ये भारतीय वंशाचे कलावंत होते. रिकी केज, अनुष्का शंकर, राधिका वेकारिया आणि चंद्रिका टंडन ही ती नावे. पुरस्कार चंद्रिका टंडन यांच्या 'त्रिवेणी' या अल्बमला मिळाला. त्यात त्यांचे सहकलावंत होते सेलोवादक एरू मात्सुमोतो आणि वूटर केलरमन. दहा वर्षांपूर्वी केज यांच्यासमवेत पुरस्कार घेणारे केलरमन यावेळी त्यांच्या स्पर्धक अल्बमचे मानकरी ठरले.

निवड कशी होते?

ग्रॅमी पुरस्कार 'रेकॉर्डिंग अकादमी' ही अमेरिकेतील संस्था देते. अकादमीचे सदस्य आणि नोंदणीकृत ध्वनिमुद्रण कंपन्या आपापल्या प्रवेशिका पाठवतात. ठरलेल्या कालावधीत अमेरिकेत सर्वसाधारण विक्रीस वा प्रसारास उपलब्ध झालेले ध्वनिमुद्रणच पात्र ठरते. तज्ज्ञ प्रत्येक प्रवेशिका योग्य विभागात आहे किंवा नाही, एवढेच तपासतात. त्यानंतर मतदानाची पहिली फेरी होऊन नामांकने ठरतात आणि दुसऱ्या फेरीत विजेता निश्चित होतो.

मताधिकार गायक, वादक, संगीतकार, गीतकार, निर्माते, ध्वनिअभियंते अशा प्रत्यक्ष निर्मिती करणाऱ्या सदस्यांनाच असतो. त्यांची संख्या बारा हजारांहून अधिक आहे. विक्रीचे आकडे किंवा लोकप्रियतेची क्रमवारी हा निकष नसतो. सदस्याने आपल्या जाणकारीच्या विभागांतच मत द्यावे, अशी अपेक्षा असते आणि विभागांच्या संख्येवरही मर्यादा आहे.

या पद्धतीचा परिणाम सरळ आहे. छोट्या विभागात प्रवेशिका आणि मतदार तुलनेने कमी असतात. तेथे मोठ्या कंपनीचे पाठबळ नसलेल्या कलावंतालाही संधी मिळू शकते. तथापि, आपले संगीत मतदारांच्या कानांपर्यंत पोहोचविण्याचा खटाटोप त्याला स्वतःच करावा लागतो. आंतरजालामुळे ही वाट काहीशी सुकर झाली. केवळ स्ट्रीमिंगद्वारे प्रसिद्ध झालेले संगीत २०१७ च्या सोहळ्यापासून पात्र मानले जाऊ लागले. बंगळुरूच्या स्टुडिओत घडलेले ध्वनिमुद्रण अमेरिकेतील श्रोत्यांपुढे ठेवण्यासाठी आता तबकडी छापण्याची गरज उरली नाही.

रविशंकरांपासूनची परंपरा

भारतीय रागसंगीतासाठी ग्रॅमीमध्ये स्वतंत्र विभाग कधीच नव्हता. पंडित रविशंकर यांना १९६८ मध्ये मिळालेला पुरस्कार व्हायोलिनवादक यहुदी मेन्युहिन यांच्यासमवेत होता आणि तो 'चेंबर म्युझिक' या पाश्चात्त्य विभागात होता. 'वर्ल्ड म्युझिक' हा विभाग १९९२ मध्ये सुरू झाला. त्याचा पहिलाच पुरस्कार मिकी हार्ट यांच्या 'प्लॅनेट ड्रम' या अल्बमला मिळाला. त्यात उस्ताद झाकीर हुसेन आणि घटमवादक विक्कू विनायकराम सहभागी होते. पंडित विश्वमोहन भट्ट यांना १९९४ मध्ये राय कूडर यांच्यासमवेत हाच मान मिळाला. ए. आर. रहमान यांना २०१० मध्ये मिळालेले दोन पुरस्कार 'स्लमडॉग मिलियनेअर' या चित्रपटाच्या संगीतासाठी होते.

४ फेब्रुवारी २०२४ च्या सोहळ्यात मुंबईकर झाकीर हुसेन यांनी एकाच दिवशी तीन आणि बासरीवादक राकेश चौरसिया यांनी दोन पुरस्कार मिळविले. शंकर महादेवन यांचा सहभाग असलेल्या 'शक्ती' या समूहाच्या 'धिस मोमेंट' या अल्बमलाही त्या वर्षी पुरस्कार मिळाला. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये झाकीर हुसेन यांचे निधन झाले.

या यादीतील साम्य लक्षणीय आहे. बहुतेक पुरस्कार परदेशी कलावंतांच्या सहयोगाने केलेल्या ध्वनिमुद्रणांना मिळाले आहेत. दुसऱ्या परंपरेशी संवाद साधणारे भारतीय संगीत अमेरिकी मतदारांपर्यंत पोहोचते. दोन-तीन तास चालणारी, मैफलीत क्षणोक्षणी घडत जाणारी रागमांडणी मात्र या चौकटीत सहसा बसत नाही. त्यामुळे थोर गवयांच्या नावापुढे ग्रॅमी नसणे हे त्यांच्या योग्यतेचे माप ठरत नाही.

मानकरी कोणाला म्हणावे?

एका अल्बमवर अनेक वादक, गायक आणि तंत्रज्ञ काम करतात. बोधचिन्ह असलेला ग्रामोफोन मात्र नियमानुसार प्रमुख कलावंत आणि काही विभागांत निर्माते व अभियंते यांनाच मिळतो. इतर सहभागी कलावंतांना प्रमाणपत्र मागता येते. 'ग्रॅमी विजेता' आणि 'ग्रॅमी विजेत्या अल्बममध्ये सहभागी' यांतील हा भेद बातम्यांतून अनेकदा पुसला जातो. पुरस्काराबरोबर रोख रक्कमही नसते. बहुसंख्य पुरस्कार दूरचित्रवाणीवरील मुख्य कार्यक्रमापूर्वी, दुपारच्या समारंभात प्रदान केले जातात. केज यांचे पुरस्कारही त्याच समारंभातले.

यामुळे या यशाचे मोल कमी होत नाही. जिंगल्सच्या मानधनावर उभा राहिलेला बंगळुरूचा संगीतकार, चित्रपटाच्या आधाराविना, जगाच्या बाजारपेठेत आपले ध्वनिमुद्रण ऐकवू शकला, ही लहान गोष्ट नव्हे. पुढच्या वेळी भारतीय नाव विजेत्यांच्या यादीत दिसेल तेव्हा विभाग कोणता, सहकलावंत कोण आणि गौरव नेमका कोणत्या कामाचा, हे पाहिले की अभिमान आणि वस्तुस्थिती यांची गल्लत होणार नाही.