फडकं आधी पाहा, मग चीक गाळा

गेल्या चैत्रात नणंदेचं लग्न ठरलं आणि रुखवताच्या कुरडया माझ्या वाट्याला आल्या. पाच किलो गहू तीन दिवस भिजवले, रोज पाणी बदललं, वाटून आणले. माझी शाळा सकाळची. घाईघाईत कपाटातला धुतलेला पंचा ओढला आणि चीक गाळला. दुसऱ्या दिवशी वरचं पाणी ओतते तर काय, खाली चीक निळसर! पंच्याला नीळ जास्त झाली होती, ते लक्षातच राहिलं नव्हतं. "असं काहून झालं वं?" सासूबाई एवढंच म्हणाल्या. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. पुन्हा पाच किलो गहू आले. तेव्हापासून आमच्याकडे गाळायच्या फडक्यांचा डबाच वेगळा आहे.

मैत्रिणींनो, आपण धान्य निवडून घेतो, पण ते ज्यात बांधायचं ते फडकं हाती लागेल ते घेतो. सक्करदऱ्याच्या बुधवार बाजारात कापड घेताना मी आता ते उजेडासमोर धरून पाहते. चिकासाठी सुती पंचा उत्तम. मांजरपाट जाड आणि दाट विणीचा, त्यातून चीक लवकर उतरत नाही, हात मात्र दुखून येतात. मलमल नाजूक, जोरात पिळली की फाटते. ती चक्क्यासाठी दुहेरी करून वापरावी. भाज्या ठेवायच्या नायलॉनच्या जाळीतून कोंडाही खाली येतो. रंगीत कापड तर नकोच.

नव्या कापडाला खळ असते. रात्रभर पाण्यात ठेवून, दुसऱ्या दिवशी उकळून, दोन-तीनदा खळखळून धुतल्याशिवाय वापरू नका. पुढेही वासाचा साबण आणि नीळ लावायची नाही. काम झालं की लगेच उलटी करून कोंडा झटकावा, गरम पाण्यात धुवावी आणि कडक उन्हात वाळवावी. किंचित ओलसर घडी केली की आंबूस वास बसतो, तो पुढच्या धान्याला लागतो.

पिशवी घरीच शिवा. शिवण दुमडून दुहेरी घाला, म्हणजे सुटे दोरे चिकात येत नाहीत. खालचे कोपरे गोल ठेवा, कोपऱ्यात धान्य अडकून आंबतं. तोंडाला नाडी. आणि अर्धीच भरा! धान्य फुगतं, ठासून भरलेल्या पिशवीत मधल्या दाण्यांना ना पाणी मिळतं ना हवा.

धाकट्याच्या वेळी नाचणीचं सत्त्व करताना हे चांगलंच कळलं. नाचणी बारीक, विरळ कापडातून निसटते. बारा तास भिजवून, निथळून पिशवी टांगायची. नागपूरच्या मे महिन्यात दिवसभर तशीच ठेवली तर मोडाआधी आंबेल, म्हणून सावलीत ठेवून मधूनमधून पाणी शिंपडते. मोड आले की वाळवून, मंद भाजून दळायचं. मोड येताना दाण्यात पिष्ट फोडणारं द्रव्य तयार होतं, त्यामुळे या पिठाची पेज घट्ट न होता पातळ राहते. बाळाच्या छोट्या पोटात तेवढ्याच वाटीत जास्त पीठ जातं. फार खरपूस भाजलं तर मात्र तो गुण जातो.

गंमत म्हणजे अमेरिकेतला माझा मामेभाऊ असलीच पिशवी घरच्या बिअरसाठी वापरतो. मोड आणून वाळवलेलं सातू पिशवीत घालून साधारण ६५ ते ६८ अंशांच्या पाण्यात तासभर ठेवायचं, की त्यातली साखर पाण्यात उतरते. हॉप्स नावाच्या वेलीची कडू फुलं उकळताना छोट्या पोटलीत, तीही सैल बांधलेली. तिकडे १९७८ च्या कायद्याने घरच्या बिअरला मोकळीक मिळाली. आपल्याकडे १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय घरी गाळणं गुन्हा आहे, तेव्हा आपण नाचणीवरच थांबू! पण सैल पोटलीची गोष्ट मी उचलली. पुलावाच्या खड्या मसाल्याची पुरचुंडी आता गच्च आवळत नाही. पाणी आतून फिरलं की चार लवंगांत काम भागतं.

रुखवतातल्या कुरडया शेवटी पांढऱ्याशुभ्र झाल्या. निळ्या चिकाच्या मात्र कुठेच गेल्या नाहीत. चीक फेकून द्यावा लागला, आणि तो पंचा सासूबाईंनी फरशी पुसायला काढला.