नंबर पोर्ट करताय? आधी घराच्या आतल्या खोलीत रेंज बघा



भोईवाड्यातल्या आमच्या घरात चार मोबाइल आहेत. जुलै 2024 मध्ये जिओ, एअरटेल आणि व्हीआय या तिन्ही कंपन्यांनी दर वाढवले. जिओचा 28 दिवसांचा 239 रुपयांचा पॅक 299 झाला. 28 दिवसांचा पॅक वर्षातून बारा वेळा नाही, तेरा वेळा मारावा लागतो. 299 गुणिले 13 म्हणजे एका नंबरचे 3,887 रुपये. चार नंबरांचे पंधरा हजारांच्या वर! मी तडक स्टेशनबाहेरच्या सिमवाल्याच्या छत्रीखाली गेलो आणि स्वस्तातली ऑफर बघून पप्पांचा नंबर पोर्ट करून टाकला.

पप्पा इलेक्ट्रिशियनची कामं करतात. त्यांचा धंदा त्या एका नंबरवर चालतो. छत्रीखाली रेंज फुल्ल होती. घरी, आमच्या चाळीतल्या आतल्या खोलीत, एक दांडी, तीही कधी असायची कधी नसायची. गिऱ्हाइकं फोन लावायची आणि ‘संपर्क क्षेत्राबाहेर’ ऐकून दुसऱ्याला बोलवायची. पहिल्याच आठवड्यात दोन कामं हातची गेली. परत जुन्या कंपनीत जाऊ म्हटलं, तर 90 दिवस जाता येत नाही. तीन महिने पप्पा संध्याकाळी फोन घेऊन गॅलरीत बसायचे. मला काही बोलले नाहीत, तेच जास्त लागलं.

कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण चूक माझी होती. नायगावात मित्राच्या घरी त्याच कंपनीचं नेट मस्त चालतं. तुमची अशी चूक होऊ नये म्हणून हा लेख.

आधी ठरवा: कंपनी बदलायची की पॅक?

पॅकची किंमत बघू नका, दिवसाचा खर्च काढा. किंमत भागिले दिवस, एवढंच गणित. 299 रुपयांत 28 दिवस म्हणजे रोजचे 10 रुपये 68 पैसे. कंपन्या कधी किंमत वाढवतात, कधी किंमत तीच ठेवून दिवस कमी करतात. दुसरा प्रकार पटकन लक्षात येत नाही, म्हणून भागाकार करायचाच.

दुसरी गोष्ट, घरातल्या प्रत्येकाला डेटा लागतोच असं नाही. आमची आजी फक्त फोन घेते आणि करते. तरी आम्ही तिच्या नंबरवर रोजचा दीड जीबी मारत होतो! दूरसंचार नियामक म्हणजे ट्रायने डिसेंबर 2024 मध्ये नियम केला, की प्रत्येक कंपनीने फक्त कॉल आणि एसएमएसचा, डेटा नसलेला पॅकही द्यायचा. त्यानंतर जानेवारी 2025 मध्ये एअरटेलने 84 दिवसांचा 469 आणि वर्षाचा 1,849 रुपयांचा, तर जिओने 84 दिवसांचा 448 आणि 336 दिवसांचा 1,748 रुपयांचा पॅक आणला. म्हणजे दिवसाला साधारण पाच-साडेपाच रुपये. हे पॅक ॲपमध्ये वर दिसत नाहीत, खाली जाऊन शोधावे लागतात. दर बदलत राहतात, तेव्हा रिचार्जच्या दिवशीचा आकडा बघून घ्या.

वर्षाला 3,887 च्या जागी 1,849. एका नंबरमागे 2,038 रुपये वाचले, आणि सिमही बदलावं लागलं नाही.

स्वस्त कंपनी म्हणजे वेगळं नेटवर्क

युट्यूबवर अमेरिकेतल्या स्वस्त मोबाइल कंपन्यांचे व्हिडिओ दिसतात. तिथे बऱ्याच छोट्या कंपन्यांचं स्वतःचं नेटवर्क नसतंच. त्या मोठ्या कंपनीकडून घाऊक भावात घेऊन विकतात. त्यामुळे कंपनी बदलली तरी रेंज बहुतेक तीच राहते. आपल्याकडे हा प्रकार फारसा रुजलेला नाही. इथे कंपनी बदलली की तुमचा फोन ज्याच्याशी बोलतो ते नेटवर्कच बदलतं.

‘बीएसएनएल स्वस्त आहे, घ्या’ असं सांगणारे व्हिडिओही जपून बघा. व्हिडिओ गावाकडचा असेल तर तो मुंबईला लागू होईलच असं नाही. मुंबई आणि दिल्लीत 1986 पासून सरकारी टेलिफोन एमटीएनएलचा. बाकी देशात बीएसएनएल. एमटीएनएलचा कारभार बीएसएनएलने जानेवारी 2025 पासून हातात घेतला. बीएसएनएलच्या स्वदेशी 4जी नेटवर्कचं देशपातळीवर उद्घाटन झालं सप्टेंबर 2025 मध्ये. म्हणजे चित्र अजून बदलतंय. गेल्या वर्षीचा कुणाचा अनुभव, चांगला असो की वाईट, आज धरून चालू नका.

शिवाय आमच्यासारख्या भागात भिंतींचा प्रश्न असतो. बीडीडी चाळींच्या जाड काँक्रीटच्या भिंती, दोन इमारतींमधली अरुंद जागा, बाजूला उभा राहणारा नवा टॉवर. रेडिओ लहरींची वारंवारता जितकी कमी, तितक्या त्या भिंतीतून सहज आत येतात. वारंवारता वाढली की भिंतीतच जिरतात. म्हणून रस्त्यावर फुल्ल असलेली रेंज आतल्या खोलीत गायब होते. कंपन्यांना आता आपल्या वेबसाइटवर कव्हरेजचा नकाशा द्यावा लागतो. तो जरूर बघा, पण तुमची भिंत त्यात दिसत नाही.

महिनाभर दुसऱ्या स्लॉटमध्ये

हे मी आधी करायला हवं होतं. ज्या कंपनीत जायचंय तिचं साधं नवीन सिम घ्या, सगळ्यात छोटा पॅक मारा आणि फोनच्या दुसऱ्या स्लॉटमध्ये टाका. मग महिनाभर चार ठिकाणी तपासा:

1. झोपायच्या खोलीत, दार लावून.
2. कामाच्या किंवा कॉलेजच्या जागी.
3. रोजच्या लोकलच्या प्रवासात.
4. रात्री नऊ-दहाच्या सुमाराला, सगळे नेट वापरत असताना.

नुसत्या दांड्या मोजू नका. कॉल लावा, दुसऱ्या फोनवरून घ्या, यूपीआयने दहा रुपये पाठवून बघा. तुमचा फोन त्या कंपनीचे 4जी बँड आणि व्होल्टे चालवतो का, हेही लगेच कळेल. या नव्या नंबरवर बँक वगैरे काही जोडू नका. पास झालं, तरच जुना नंबर पोर्ट करा.

पोर्ट कसं करायचं?

मेसेजमध्ये इंग्रजी कॅपिटल अक्षरांत ‘पोर्ट’, एक स्पेस, मग आपला दहा आकडी नंबर टाइप करून 1900 वर पाठवा. पॅकमध्ये एसएमएस नसले तरी हा मेसेज जायलाच हवा, असा ट्रायचा 2021 चा आदेश आहे. उत्तरात आठ अक्षरांचा कोड येतो, तो महाराष्ट्रात चार दिवस चालतो. तो कोड आणि आधार घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात जा. एकाच सर्कलमध्ये तीन कामकाजाचे दिवस, दुसऱ्या सर्कलमधून पाच. मन बदललं तर अर्ज दिल्यापासून 24 तासांत 1900 वरच मेसेज करून रद्द करता येतं.

कुठे अडकतं?

• सध्याच्या कंपनीत 90 दिवस झालेले नसतील तर कोडच येत नाही. पोर्ट केल्यावर मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते.
• गेल्या सात दिवसांत हरवलेलं किंवा खराब सिम बदललं असेल, तरी कोड मिळत नाही. फसवणूक रोखायला जुलै 2024 पासून हा नियम आहे.
• पोस्टपेडचं बिल थकलेलं नको.
• जुना बॅलन्स आणि उरलेले दिवस सोबत येत नाहीत. पॅक संपत आला की मगच पोर्ट करा.
• बदलाच्या वेळी फोन काही तास बंद राहतो, ओटीपी येत नाही. फी भरायची, तिकीट काढायचं असेल तर आधी उरका. खिशात थोडी रोकड ठेवा. नंतर यूपीआय ॲपमध्ये सिम पुन्हा तपासून घ्यावं लागू शकतं.
• कुणी फोन करून तो आठ अक्षरी कोड मागितला तर देऊ नका. तो तुमच्या नंबरची किल्ली आहे.

पप्पांचा नंबर 90 दिवस पूर्ण होताच आम्ही परत जुन्या कंपनीत नेला. माझा मात्र महिनाभर तपासून स्वस्तात गेला आणि नीट चाललाय, कारण माझा दिवस घराबाहेर जातो. एकाच घरात दोघांसाठी उत्तर वेगळं निघालं. तेव्हा घरच्या कुणाचा नंबर बदलणार असाल, तर त्यांचा फोन कुठे आणि कशासाठी वाजतो, हे आधी त्यांनाच विचारा.