थॅलेसेमियाला आळा : विवाहापूर्वीची एक रक्ततपासणी

फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या हजारो निर्वासितांनी कल्याणजवळच्या लष्करी छावणीत आसरा घेतला आणि १९४९ मध्ये त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. घरदार मागे राहिले, तरी रक्तातील वारसा माणसाबरोबरच येतो. थॅलेसेमिया हा असाच एक आनुवंशिक विकार होय. सिंधी समाजात त्याचे प्रमाण अधिक आढळते. परंतु तो एकाच समाजापुरता मर्यादित नाही. भारतात सरासरीने शंभरांपैकी तीन ते चार व्यक्ती त्याच्या वाहक आहेत. पंजाबी, गुजराती, बंगाली, कोळी आदी समाजांतही तो आढळतो.

वाहक व्यक्तीत सदोष जनुक एकच असते. त्यामुळे तिची प्रकृती सामान्यतः उत्तम असते व आपण वाहक आहोत याची तिला कल्पनाही नसते. मात्र पती-पत्नी दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणी बालकाला गंभीर थॅलेसेमिया होण्याची शक्यता २५ टक्के असते. अशा बालकाच्या शरीरात पुरेसे हिमोग्लोबिन तयार होत नाही. दर दोन ते चार आठवड्यांनी त्याला रक्त द्यावे लागते. या रक्तातील लोह हृदयात व यकृतात साचत जाते. ते बाहेर काढण्यासाठी पूर्वी छोट्या पंपाने रात्री आठ ते बारा तास त्वचेखाली औषध सोडावे लागे. आता तोंडाने घ्यावयाची औषधेही उपलब्ध आहेत.

वाहक ओळखण्याची प्राथमिक चाचणी अगदी सोपी आहे. मिठाच्या ०.३६ टक्के द्रावणात थोडे रक्त मिसळतात आणि परीक्षानळीमागे काळी रेघ ओढलेला पांढरा कागद धरतात. निरोगी तांबड्या पेशी फुटून द्रावण नितळ होते व रेघ स्पष्ट दिसते. वाहकाच्या पेशी सहजी फुटत नाहीत. द्रावण गढूळ राहते व रेघ दिसत नाही. लोहाच्या कमतरतेमुळेही असे घडू शकते. म्हणून एचपीएलसी यंत्रावर हिमोग्लोबिन ए-२ चे प्रमाण मोजून निदान पक्के करतात. ते साधारणतः ३.५ टक्क्यांहून अधिक असल्यास व्यक्ती वाहक समजली जाते.

मुंबईत परळ येथे, १९५७ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेत या विकारांवर संशोधन होते. वारेच्या पेशी तपासून गर्भावस्थेच्या पहिल्या तिमाहीतच निदान करणे आता शक्य आहे.

प्रयोगशाळेतील मानवी रक्तपेशी व उंदीर यांवरील दीर्घ प्रयोगांतून जनुक-संपादनाचा उपचारही साकारला आहे. रुग्णाच्याच मूळ पेशी काढून, त्यांत दुरुस्ती करून त्या शिरेवाटे परत देतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने त्यास प्रथम मान्यता दिली. तथापि हा उपचार अत्यंत खर्चिक आहे. जुळणाऱ्या भावंडाच्या अस्थिमज्जेचे रोपण हाही मार्ग आहे; पण तसे भावंड प्रत्येकाला नसते.

म्हणूनच तपासणी हाच सर्वांच्या आवाक्यातील उपाय ठरतो. मुलीचे लग्न मोडेल या भीतीने अनेक कुटुंबे ती टाळतात. वस्तुतः वाहक असणे हा आजारही नव्हे व दोषही नव्हे. वाहकाने वाहक नसलेल्या व्यक्तीशी विवाह केल्यास गंभीर आजाराचे मूल जन्मण्याचा धोका जवळजवळ उरत नाही. शिक्षकांनी महाविद्यालयीन वर्गात आणि पंचायत सदस्यांनी ग्रामसभेत एवढी एकच गोष्ट समजावून सांगितली, तरी अनेक बालकांचे आयुष्य रक्ताच्या पिशवीवर अवलंबून राहणार नाही.