गाडीतला कुबट वास आणि आपली छाती



इंग्लंडात एखादा दिवस खरोखर गरम निघाला, की हिवाळाभर बंद असलेला गाडीचा एसी आपण सुरू करतो. पहिल्याच झोताबरोबर नाकात वास शिरतो. ओल्या मोज्यांसारखा, किंवा कोकणात पावसाळ्यात पेटीतून काढलेल्या गोधडीसारखा. दोन-चार मिनिटांनी तो कमी होतो आणि आपण विसरून जातो. आपल्यापैकी पुष्कळजण आता स्वतः गाडी चालवत नाहीत. मुलगा, सून, जावई यांच्या शेजारी बसून जातात, आणि त्यांच्या गाडीला नावे कशी ठेवायची म्हणून गप्प राहतात. पण ज्यांना दमा, सीओपीडी किंवा जुना खोकला आहे, त्यांनी हा संकोच ठेवू नये. गाडीत कुठेतरी ओल साचून तिथे बुरशी आणि जंतू वाढत आहेत, असे तो वास सांगत असतो.

वास येतो कुठून?

थंडगार पाण्याने भरलेल्या तांब्याला बाहेरून पाणी सुटते, हे आपण लहानपणापासून पाहिले आहे. गाडीत डॅशबोर्डच्या मागे एसीची एक थंड जाळी असते. तिला इव्हॅपोरेटर म्हणतात. हवा तिच्यातून जाताना हवेतली वाफ तिच्यावर थेंब होऊन बसते. ते पाणी एका बारीक नळीतून गाडीखाली ठिबकते. उन्हाळ्यात गाडीखाली स्वच्छ पाण्याचे छोटे थारोळे दिसते ते हेच. त्याला घाबरण्याचे कारण नाही.

गाडी बंद केली तरी जाळी ओलीच राहते. तिथे अंधार असतो, आणि धूळ, पराग, पानांचा चुरा अडकलेला असतो. बुरशीला आणखी काय हवे? पुढच्या वेळी पंखा सुरू झाला, की तिथली हवा प्रथम आपल्या तोंडावर येते. म्हणून सुरुवातीला वास जास्त. त्यातून या देशाची हवा दमट, आणि आपल्या फेऱ्या लहान: दुकान, दवाखाना, परत घर. गाडीला सुकायला वेळच मिळत नाही.

छातीवर काय परिणाम होतो?

धडधाकट माणसाला या वासाचा नुसता त्रास वाटतो. फार तर शिंका येतात, डोळे चुरचुरतात. दम्याच्या रुग्णाला मात्र बुरशीच्या बारीक कणांनी खोकला सुटतो, छातीत घरघर होते, कधी दम्याचा झटका येतो. केमोथेरपी चालू असलेले, अवयवरोपण झालेले किंवा बराच काळ स्टेरॉइडच्या गोळ्या घेणारे यांनी जास्त जपावे. गाडी साफ करण्याचे काम त्यांनी दुसऱ्याकडे द्यावे.

एक साधी गोष्ट करा. गाडीत बसल्यावर खोकला येतो आणि उतरल्यावर बरे वाटते, असे होते का, ते दोन आठवडे कागदावर लिहून ठेवा आणि तो कागद जीपीला दाखवा. निळा पंप नेहमीपेक्षा जास्त वेळा लागू लागला तरी जीपीला कळवा. एक वाक्य पुरे करण्याइतकाही श्वास उरत नसेल, किंवा ओठ निळसर दिसू लागले, तर थांबू नका, ९९९ फिरवा.

आणखी एक गोष्ट अशी, की वयाबरोबर नाकही मंदावते. आपल्याला वास येत नाही म्हणून गाडीत वास नाही, असे समजू नये. नातवंडांना विचारा, ती स्पष्ट सांगतात.

लीजनेअर्सची भीती

एसी म्हटले की काहींना लीजनेअर्स या न्यूमोनियाची आठवण होते. २००२ साली बॅरो-इन-फर्नेस येथे फोरम २८ या कलाकेंद्राच्या वातानुकूलन यंत्रातून हे जंतू पसरले आणि ७ माणसे दगावली. पण ते मोठ्या इमारतीचे यंत्र होते. त्यात पाणी साठून राहते आणि त्याचे तुषार बाहेर उडतात. गाडीच्या एसीची रचना तशी नसते.

गाडीत साठलेले पाणी असते ते काच धुण्याच्या टाकीत. २०१० साली हेल्थ प्रोटेक्शन एजन्सीने प्रसिद्ध केलेल्या पाहणीत असे दिसले, की त्या टाकीत नुसते पाणी भरणाऱ्यांच्या गाड्यांतून लीजनेअर्सचा धोका वाढतो, आणि स्क्रीनवॉश घातल्याने तो कमी होतो. म्हणून टाकीत नळाचे नुसते पाणी ठेवू नका. बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात स्क्रीनवॉश घाला, उन्हाळ्यातसुद्धा.

सुगंधाने वास जात नाही

आरशाला टांगायचे सुगंधी झाड किंवा झरोक्याला लावायची कुपी यांनी बुरशी मरत नाही, वास फक्त झाकला जातो. दम्याच्या माणसाला त्या सुगंधाचाही त्रास होऊ शकतो. झरोक्यांत डेटॉल, ब्लीच किंवा व्हिनेगर फवारू नये. ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र आले तर विषारी वायू तयार होतो. "एसीचा गॅस भरून घेतला की वास जाईल" हाही गैरसमज आहे. गॅसने गारवा येतो, जाळी साफ होत नाही.

काय करावे?

१. आधी ओल शोधा. पायाखालचे गालिचे उचलून हाताने चाचपा. डिकीत जादा चाकाचा खळगा असतो, तोही पाहा. ओल्या छत्र्या, कोट, माशांच्या कालवणाच्या डब्यातून सांडलेले नारळाचे दूध, यांचाही वास मुरतो.

२. बॉनेट उघडून पुढच्या काचेच्या तळाशी, वायपरच्या खाली साचलेली पाने काढा. बाहेरची हवा तिथूनच आत येते.

३. पोलन फिल्टर बदला. बहुतेक गाड्यांत तो पुढच्या कप्प्याच्या मागे असतो आणि साधारण वर्षाला एकदा बदलावा लागतो. जुना फिल्टर काळा किंवा ओला निघाला, तर वासाचे एक कारण तिथेच सापडले.

४. तरीही वास राहिला, तर गॅरेजमध्ये जाळी जंतुनाशक फेसाने धुऊन घ्या आणि पाणी जाण्याची नळी तुंबली आहे का ते पाहायला सांगा. हे काम झाल्यावर सर्व दारे उघडून गाडीला भरपूर वारा लागू द्या. दम्याच्या माणसाने त्या दिवशी तिच्यात बसू नये.

गॅरेजमध्ये काय मागायचे ते चिठ्ठीवर लिहून न्या: "पोलन फिल्टर बदला, इव्हॅपोरेटर साफ करा, ड्रेन नळी तपासा." एमओटी पास झाली म्हणजे एसी तपासला, असे नाही. एमओटीत एसी येत नाही.

रोजची सवय

मुक्कामाला पोचायच्या पाच मिनिटे आधी एसीचे बटण बंद करा, पंखा मात्र चालू राहू द्या. जाळी सुकून जाईल. आतली हवा आतच फिरवणारे बटण दाट धूर किंवा दुर्गंध असेल तेवढ्यापुरतेच दाबा. हिवाळ्यातही आठवड्यातून एकदा दहा मिनिटे एसी चालवा. तो हवेतली ओल काढतो, त्यामुळे काचेवरचे धुकेही लवकर जाते. गाडी निघण्यापूर्वी काचा स्वच्छ दिसल्या पाहिजेत, हे हायवे कोडही सांगते. कोरड्या दिवशी थोडा वेळ खिडक्या उघड्या ठेवून गाडी चालवा. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून गाडी सुकवण्याचा प्रयत्न कधीही करू नका. तिथे कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नसतो आणि तो जीव घेतो.

हे वास वेगळे ओळखा

गोडसर वास, काचेवर चिकट धूसर थर आणि पायाखाली ओल असेल, तर हीटरमधून कूलंट गळत असू शकते. पेट्रोलचा किंवा काही जळल्याचा वास आला, तर गाडी सुरक्षित जागी थांबवून बाहेर पडा. आत धुराचा वास येऊन डोके दुखू लागले, मळमळले किंवा झोप आल्यासारखे झाले, तर लगेच खिडक्या उघडा, गाडी थांबवून मोकळ्या हवेत या आणि ९९९ ला फोन करा. हे बुरशीचे प्रकरण नव्हे. अशी गाडी तपासल्याशिवाय परत चालवू नये.

पुढच्या वेळी मुलाच्या किंवा लेकीच्या गाडीत बसाल तेव्हा पहिल्या झोताचा वास घ्या. कुबट वाटला तर मोकळेपणाने सांगा, आणि फिल्टर शेवटचा कधी बदलला ते विचारा. बहुतेक घरांत हा प्रश्न आजवर कोणी विचारलेलाच नसतो.